उमेदवाराची गाडी

"निवृत्ती, खरं सांग. काल संध्याकाळी चहा कुणाबरोबर प्यालास?"

मी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं होतं. वर मार्चचं ऊन, चहूकडं माळ, झाड नावाला नाही, गाडी रस्त्याच्या कडेला मुकी होऊन उभी. आणि तात्यासाहेब हिंगमिरे मला चहाचं विचारत होते. मला वाटलं, ऊन लागलं माणसाला.

"मेहुण्याबरोबर," मी म्हणालो. "का?"

"तुझा मेहुणा कुणाच्या वीटभट्टीवर मुकादम आहे?"

"बापू ढोण्यांच्या."

"हं," असं म्हणून तात्यांनी वकिलांकडं बघितलं. वकिलांनी मान हलवली. वकिलांनी हलवली म्हणून उत्तमनं हलवली. तिघांनी निकाल दिला. गाडीला काय झालंय ते अजून मलाच माहीत नव्हतं, पण गाडी कुणी बिघडवली ते या तिघांना कळलं होतं.

बत्तीस वर्षं झाली या गोष्टीला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. तात्या उमेदवार, समोर बापू ढोणे. तीन वाजले की तहसील कचेरीत फॉर्म घेणं बंद, मग साक्षात विठोबा उमेदवार म्हणून आला तरी घेत नाहीत. आमच्या लोणवाडीपासून तालुका छत्तीस किलोमीटर. सकाळी नऊला निघालो असतो तर दुपारी घरी येऊन जेवून आडवे झालो असतो. पण जोशीबुवांनी मुहूर्त काढला बारा वाजून एक्कावन्न मिनिटांचा. पन्नास नाही, बावन्न नाही, एक्कावन्न. तात्यांनी घड्याळात बघून उजवा पाय गाडीत ठेवला आणि मग बाकीचे तात्या आत आले. माणसं, हलग्या, गुलालाची पोती असं सगळं लटांबर सकाळीच ट्रॅक्टरांत घालून पुढं पाठवलं होतं. गाडीत आम्ही चौघंच.

मी बारा वर्षं तात्यांचा ड्रायव्हर. त्यांच्या आईला शेवटच्या दिवशी मांडीवर धरून दवाखान्यात नेलं ते मी. माझ्या पोरीच्या बारशाला तात्या होते, मी नव्हतो, कारण त्यांच्या मेव्हणीला स्टँडवरून आणायचं होतं.

दुसरे, बोंगाळे वकील. आयुष्यात एकच खटला जिंकले होते, तोही समोरचा तारखेला आला नाही म्हणून. तिसरा उत्तम, तात्यांचा भाचा. गावच्या सोसायटीचा सचिव. मामानं खुर्चीवर बसवला आणि तो बसूनच राहिला, एवढंच त्याचं कर्तृत्व. सायकलवरून उतरताना पडायचा, पण मला गाडीतलं शिकवायचा.

आणि स्वतः तात्या. ते फार संशयी. निवडणूक जवळ आली की घराबाहेर पाणी पीत नसत. त्या दिवशी फॉर्मच्या तीन प्रती होत्या. एक वकिलांच्या बॅगेत, एक उत्तमच्या शर्टात, आणि तिसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तात्यांच्या बनियनच्या आत. बसले की पोटावर कागद वाजायचा.

नऊ किलोमीटरवर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. एक वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आत्तापर्यंत बारा वर्षांत कधी पडली का बंद?" तात्या म्हणाले. "आजच बरी पडली."

"यंत्र आहे तात्या."

"यंत्र आहे, पण यंत्राला हात लावणारा माणूस असतो."

प्लगची वायर काढली, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि उत्तमला म्हणालो, "आत बसून किल्ली फिरव." त्यानं आधी वायपर चालू केले. मग हॉर्न वाजवला. तिसऱ्या खेपेला किल्ली सापडली. ठिणगी चांगली निळी पडत होती, म्हणजे करंट ठीक होता. राहिलं पेट्रोल.

मी गाडीच्या मागं निघालो, तर हा सचिव दारातून उडी मारून माझ्या आधी मागं पोचला आणि टाकीच्या झाकणाला पाठ लावून उभा राहिला.

"पेट्रोल फुल्ल आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. काल संध्याकाळी मीच भरून आणलंय."

"मग बघायचं काय?"

झाकणाची बारकी किल्लीही त्याच्याच खिशात होती. आदल्या दिवशी पेट्रोल भरून आलो तेव्हा तात्या म्हणाले होते, गाडी आज आमच्या वाड्याबाहेरच राहू दे, आणि ती बारकी किल्ली उत्तमकडं दे. बारा वर्षं गाडी रात्री माझ्या दारात कडुलिंबाखाली उभी असायची. मला वाटलं, सकाळी पूजा करायची असेल, हारतुरे असतील. दिली किल्ली. माणूस बावळट असला की त्याला सगळ्यात पूजाच दिसते.

"इंजिन तापलं असणार," वकील सावलीला थांबून म्हणाले. सावली म्हणजे गाडीचीच, ती त्यांनी सगळी घेतली होती. "किंवा मग बॅटरी. किंवा घातपात. तिन्ही शक्यता नाकारता येत नाहीत."

"दृष्ट पण असेल," उत्तम म्हणाला. बंपरला चार लिंबं आधीच लोंबत होती. त्यानं पिशवीतून पाचवं काढून चाकाखाली ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू इंजिनच खोलून दाखवलं.

दहा मिनिटं गेली. मी उगीच किल्ली फिरवली तर गाडी सुरू. उत्तम म्हणाला, "बघितलं?" तात्यांनी कौतुकानं भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. मी गिअर टाकला. पण मला ते आवडलं नव्हतं. न दुरुस्त करता सुरू झालेली गाडी पुन्हा बंद पडते, हे मला कळत होतं.

पुन्हा पडली. पुढं सात किलोमीटरवर, चढाला. एक वाजून अडतीस मिनिटं.

आता तात्या खाली उतरले ते थेट माझ्या समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या पोटावर फॉर्म कुरकुरला.

"निवृत्ती, फॉर्म गेला नाही तर बापू बिनविरोध. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि गाव काय म्हणेल तेही कळतंय ना?"

तेही कळत होतं. गाव म्हणणार, निवृत्ती घोडके फुटला. मेहुण्याबरोबर चहा प्याला आणि मालकाला माळावर पाडला. असलं एकदा चिकटलं की निघत नाही. लोणवाडीत एकानं तीस वर्षांपूर्वी मत विकलं होतं, त्याच्या नातवाला अजून त्या नावानं हाक मारतात. माझी पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती.

मी कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढली आणि किल्ली फिरवायला सांगितली. नळीतून एक थेंब नाही. टाकी गच्च भरलेली आणि इंजिनापाशी थेंब नाही. म्हटलं, नळीत कचरा अडकला. मागची नळी काढून तोंडात धरली आणि जीव खाऊन टाकीकडं फुंकलं. तोंडात पेट्रोलची चव, डोळ्यांत पाणी. मागं टाकीत बुडबुड वाजलं.

तेवढ्यात मागून धूळ उठली आणि जीप आली. आमच्याजवळ येऊन हळू झाली. पुढच्या सीटवर कडक इस्त्रीत बापू ढोणे.

"काय निवृत्ती, बंद पडली काय?" बापू म्हणाले.

आता ते मला नावानं ओळखतात यात नवल काय? अख्खा तालुका ओळखत होता. पण तात्यांचा चेहरा असा झाला की मला जागच्या जागी कबुलीजबाब द्यावासा वाटला, कशाचा ते माहीत नसताना.

"तात्या, या बसा," बापू म्हणाले. "तुमचाही फॉर्म भरून टाकू. एकट्यानं लढायला मजा येत नाही."

"आमची गाडी आहे," तात्या म्हणाले.

"ती तर दिसतेच आहे," बापू म्हणाले आणि जीप गेली.

आता सांगा, यात शहाणा कोण? जीपमध्ये चौघांना जागा होती. तात्या बसले असते तर सव्वादोनला कचेरीत असते. पण बापूच्या जीपमधून उतरताना लोकांनी बघितलं तर काय, हा मोठा प्रश्न. फॉर्म राहिला तरी चालेल, इस्त्री मोडता कामा नये. वकिलांनी दुजोरा दिला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." मघापासून त्यांना सावलीतून हलायचं नव्हतं.

"तुला नावानं हाक मारली त्यानं," तात्या माझ्याकडं वळले.

"मग कशानं मारायची?"

"उलट बोलू नकोस."

मी नळी जोडली, गाडी एका किल्लीत सुरू झाली आणि पुन्हा उत्तमच म्हणाला, "बघितलं?" या खेपेला त्यानं काय केलं होतं देव जाणे.

पाच किलोमीटर. फक्त पाच. दोन वाजून अकरा मिनिटांनी गाडी तिसऱ्यांदा मेली. तालुका अजून पंधरा किलोमीटर. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तात्या खाली उतरले आणि मैलाच्या दगडावर बसले. बसताना पोटातला कागद वाजला नाही, घामानं भिजला असावा. म्हणाले, "बारा वर्षं घरातला समजलो तुला."

मला खूप लागलं ते. तोंडात अजून पेट्रोल होतं, हात भाजले होते, आणि हा माणूस दगडावर बसून मला घरातून बाहेर काढत होता. पण रडायला वेळ नव्हता. मी बॉनेट उघडलं आणि टाकीकडून येणारी नळी ओढून काढली. पेट्रोल सांडेल म्हणून सवयीनं तोंडावर अंगठा ठेवला.

नळीनं माझा अंगठा धरला.

धरला म्हणजे आत ओढला. वासरानं बोट चोखावं तसा. मी अंगठा काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा ओढला. नळीत कचरा असता तर नळी गप्प पडून राहिली असती. ही ओढत होती. याचा अर्थ टाकीत वरून हवा जात नव्हती. पेट्रोल जेवढं बाहेर येतं तेवढी हवा आत जावी लागते, म्हणून तर झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद झालं की टाकी स्वतःचं पेट्रोल स्वतःच धरून ठेवते. थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपते, गाडी चार-पाच किलोमीटर चालते, पुन्हा बंद. मी फुंकलं तेव्हा चालली ती माझ्या तोंडच्या हवेवर. लिंबावर नाही.

"उत्तम, झाकणाची किल्ली दे," मी म्हणालो.

उत्तमनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी वकिलांकडं. वकिलांनी आकाशाकडं.

"टाकीला हात लावायचा नाही," तात्या म्हणाले.

"का?"

"नाही लावायचा. एवढंच."

"तात्या, दुखणं तिथं आहे. झाकण उघडलं की गाडी सुरू होते. दोन मिनिटांचं काम आहे."

"हेच," तात्या उठून उभे राहिले, "हेच म्हणत होतो मी उत्तमला. शेवटी टाकीपाशीच येणार म्हणून."

आता मात्र माझं डोकं सरकलं. घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं. म्हणालो, "सव्वादोन झाले. किल्ली देणार असाल तर तीनच्या आत कचेरीत सोडतो. नसाल देणार तर मी चाललो गावाकडं पायी, आणि गावात काय सांगायचं ते मीही सांगू शकतो. झाकणाची किल्ली कुणाच्या खिशात होती तेवढंच सांगेन."

तात्यांनी बॉनेटवरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "दे त्याला. पण वकील, तुम्ही शेजारी उभे राहा. साक्षीदार म्हणून."

मी किल्ली लावून झाकणावरचं बारकं दार उघडलं आणि बघतच राहिलो.

टाकीच्या झाकणावर जाड प्लॅस्टिकची पिशवी ओढून बसवलेली. तिला सुतळीचे सहा वेढे. सुतळीच्या गाठीवर आणि कडेनं गोल लाल लाख ओतलेली, आणि लाखेवर पितळी मोहोर उठवलेली, लोणवाडी सेवा सोसायटी. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. सोसायटीचे कागद तालुक्याला पाठवतात ना, त्या लखोट्यावर मारायची मोहोर. आमच्या सचिवांनी टाकी सीलबंद करून टाकली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

उत्तम म्हणाला, "मागच्या निवडणुकीत शेजारच्या गावात एकाच्या टाकीत साखर टाकली होती. म्हणून मामा म्हणाले, बंदोबस्त कर."

"आणि ही लाख वितळवली कशानं?"

"मेणबत्तीनं."

"पेट्रोलच्या तोंडाशी?"

"हळूच धरली होती," उत्तम म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या भुवया जागेवर होत्या, हे नशीब त्याचं. टाकीसकट हा प्राणी वाड्याच्या कौलांवर जाऊन बसला असता आणि मामा म्हणाले असते, बापूनं बाँब टाकला.

"मला का नाही सांगितलं?" मी तात्यांना विचारलं. "बारा वर्षं या टाकीत मी पेट्रोल घालतोय. आधी सांगितलं असतं तर पहिल्या उचकीलाच कळलं असतं."

"सांगितलं असतं तर सीलचा उपयोग काय?" तात्या म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं. आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या एकट्यावर नव्हता रे संशय. सगळ्यांवरच होता."

"मग वकिलांच्या बॅगेला का नाही लाख लावली?"

वकील खोकले. साक्षीदार होते ना.

मी पान्ह्यानं लाख फोडली, सुतळी कापली, पिशवी ओढून फेकली आणि झाकण फिरवलं. टाकीनं सूं करून एवढी मोठी हवा आत घेतली की तात्यांनाही ऐकू गेली. झाकण नुसतं ठेवलं, आत बसलो, किल्ली फिरवली. एका फटक्यात सुरू.

या खेपेला उत्तम 'बघितलं?' म्हणाला नाही.

दोन वाजून चोवीस मिनिटं. त्या क्षणी मी उतरून चालू लागलो असतो तर माझं कोण काय करणार होतं? तिघांपैकी एकालाही गाडी येत नव्हती. पण तीनच्या आत फॉर्म पडला नसता तर मेहुण्याचा चहा खरा ठरला असता, आणि फुटलेली लाख कुणी बघितली नसती. मी गाडी अशी हाणली की वकिलांनी डोळे मिटून घेतले ते कचेरी येईपर्यंत उघडले नाहीत. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कचेरीच्या दारात ब्रेक मारला. हलग्या सुरू झाल्या. आमची ट्रॅक्टरातली मंडळी ओरडत धावली. कुणीतरी मलाही गुलाल फासला.

मला वाटलं, आता बोलतील. काही नको होतं मला. चुकलं रे निवृत्ती, एवढे तीन शब्द. गाडीतून उतरताना खालच्या आवाजात म्हटले असते तरी चाललं असतं. तात्या उतरले, टोपी नीट केली, आणि खिडकीशी वाकले. मी कान पुढं केला, खोटं कशाला सांगू.

"निवृत्ती," ते हळूच म्हणाले, "ते झाकण परत बंद करून ठेव. इथं बापूची माणसं फिरतायत. लाख, मोहोर सगळं उत्तमच्या पिशवीत आहे. या वेळेला पिशवीला बारीकसं भोक ठेव म्हणजे झालं."

आणि गेले आत. उजवा पाय आधी टाकून.

मी गाडी भिंतीच्या सावलीला लावली. उत्तमची पिशवी मागच्या सीटवर होती. आत लाखेची कांडी, मेणबत्ती, काडेपेटी, पितळी मोहोर, सोसायटीचे चार कोरे लखोटे आणि दोन लिंबं. सगळं घेऊन मी गाडीपासून वीस पावलं लांब, कचेरीच्या पायरीवर बसलो. मेणबत्ती कुठं पेटवायची याची अक्कल मला होती.

सव्वातीनला तात्या बाहेर आले. गळ्यात हार, अंगावर गुलाल, फॉर्म मंजूर झाल्यासारखा चेहरा. मी गर्दीतून पुढं गेलो आणि त्यांच्या हातात लखोटा दिला. मधोमध लाख, लाखेवर मोहोर, लोणवाडी सेवा सोसायटी. माझी मोहोर उत्तमपेक्षा सरळ उठली होती.

"हे काय?" तात्या म्हणाले.

"गाडीच्या किल्ल्या. झाकणाचीही आहे. फोडण्याआधी मोहोर बघून घ्या, मध्ये कुणी हात लावलाय का."

हलगीवाले थांबले. तात्यांनी लखोटा उलटा केला, सुलटा केला. त्यांना कळलं होतं, पण चारचौघांत कळून घ्यायचं नव्हतं.

"अरे, मग गाडी घरी कोण नेणार?"

"उत्तम."

"त्याला गाडी कुठं येते?"

"येत नाही," मी म्हणालो. "पण विश्वासाचा माणूस आहे."

आणि मी एसटी स्टँडकडं चालू लागलो.